गुडघा दुखू लागला, म्हणून धावणे सोडावे काय?

थंडीची चाहूल लागली की इंदूरच्या पहाटेचे रूप पालटते. रेसिडेन्सी परिसरातील जुन्या झाडांखालचे शांत रस्ते, पिपलियापाला तलावाकाठचे रिजनल पार्क, नेहरू स्टेडियमचा भाग, सर्वत्र साडेपाच-सहापासून धावणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. फेब्रुवारीच्या आरंभी होणारी इंदूर मॅरेथॉन हे त्याचे निमित्त. दिवाळीनंतर नवे बूट घालून उतरलेले हौशी चेहरे नोव्हेंबरभर दिसतात आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांतील बरेच दिसेनासे होतात. धावून झाल्यावर पोहे-जिलबीच्या दुकानापाशी चौकशी करावी, तर उत्तर ठरलेले असते : ‘गुडघा धरला.’

मी मूळचा फोंड्याचा. नोकरीनिमित्त इंदुरात राहत असताना, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे कळले आणि मी धावू लागलो. सहाव्या आठवड्यात माझेही नाव त्या दिसेनाशा झालेल्यांच्या यादीत जमा झाले. जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ येई. कचेरीत तासभर बसून उठताना गुडघा आखडलेला असे. जेवायला मांडी घालून बसणे नकोसे झाले. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि फोंड्याहून दूरध्वनीवर मोठ्या भावाने एकच निदान केले : ‘झीज झाली. या वयात धावायचे कशाला?’ त्या निदानावर विश्वास ठेवून मी दोन महिने बूट कपाटात ठेवले. दुखणे थांबले. पुन्हा धावू लागलो, तो तिसऱ्या आठवड्यात ते परत आले. मिरामारहून दोनापावलाच्या दिशेने पहाटे धावणाऱ्या आपल्याकडील मंडळींना विचारले, तर बहुतेकांची कहाणी याहून फार निराळी नसेल. म्हणून हा अनुभव, आणि त्या निमित्ताने जे वाचले व समजून घेतले ते, येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम त्या ‘झीज’ या शब्दाविषयी. गुडघा म्हणजे गाडीचा टायर, जितका वापरावा तितका झिजणार, अशी आपली पक्की समजूत आहे. सांधा मात्र जिवंत असतो आणि योग्य प्रमाणात भार मिळाला तर तो त्या भाराशी जुळवून घेतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील अस्थिरोग व फिजिओथेरपीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात, अनेक अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. हौसेखातर धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के आढळले, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत ते १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होते. यावरून धावणे हे संधिवातावरील औषध ठरत नाही, कारण ज्यांचे सांधे मुळात चांगले तेच पुढे धावत राहतात, असेही असू शकते. परंतु आठवड्यातून तीन-चार वेळा रमतगमत धावणाऱ्याचे गुडघे त्यामुळे झिजतात, या समजुतीला या आकड्यांत आधार सापडत नाही.

क्ष-किरण चित्रातील ‘थोडी झीज’ पाहूनही घाबरून जाऊ नये. ज्यांना गुडघेदुखी मुळीच नाही अशा चाळिशीपुढील लोकांचे एमआरआय काढले, तर साधारण पाचांपैकी एकाच्या ते पाचांपैकी दोघांच्या गुडघ्यात संधिवाताच्या खुणा दिसतात. केस पिकावेत तसे ते आहे. चित्रात दिसले तेच दुखण्याचे कारण, असे समीकरण नेहमी जुळत नाही.

मग दुखते ते कशाने? नव्याने धावू लागलेल्या शरीरात निरनिराळी घड्याळे निरनिराळ्या गतीने चालतात, हे त्याचे मुख्य कारण होय. हृदय व फुप्फुसे तीन-चार आठवड्यांत सरावतात. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत धाप लागलेला माणूस महिन्याभरात वीस मिनिटे बोलत बोलत धावू लागतो. स्नायू त्यामागोमाग येतात. परंतु स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, सांध्यातील कूर्चा आणि खुद्द हाडे यांना महिने लागतात. हाडाची गंमत अशी की नवा भार पडू लागला म्हणजे ते आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ते पूर्वीपेक्षा किंचित कमकुवतच असते. नेमक्या याच काळात नवशिक्याचा दम वाढलेला असतो. ‘आज अजून पळता येईल’ असे छाती सांगते आणि पाय ते ऐकतात. अर्धा तास धावण्यात सुमारे पाच हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला अडीच हजार. प्रत्येक पावलाला वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. सवय नसलेल्या सांध्याला अडीच हजार वेळा तो सोसायचा, आणि परवा पुन्हा.

मला हे समजले ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंमुळे. त्या इंदूरच्याच, मराठी घरातल्या. त्यांनी गुडघा तपासला, एका पायावर हळूहळू खाली बसायला लावले आणि मग म्हणाल्या, ‘गुडघा ठीक आहे, काका. आता मागच्या महिन्यात रोज किती धावलात ते दाखवा.’ मोबाइलमधील नोंदी मी पुढे केल्या. तीन, साडेतीन, तीन, चार किलोमीटर. आणि मग एका रविवारी, मित्रांच्या नादाने, एकदम नऊ. त्या आकड्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘हा बघा तुमचा आजार.’

त्यांच्या बोटाला संशोधनाचा भक्कम आधार आहे. आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावणाऱ्यांच्या जगात स्मृतिवचनासारखा सांगितला जातो. नेदरलँड्समधील ख्रोनिंगन येथे त्याची परीक्षा झाली. चार मैलांच्या शर्यतीसाठी तयारी करणाऱ्या नवख्यांपैकी काहींना दहा टक्क्यांच्या नियमाने तेरा आठवडे, तर काहींना नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे सराव दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही गटांतील दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, वीस टक्क्यांच्या आसपास निघाले. मग दोष कशात आहे? २०२५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातील संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या घड्याळांतील नोंदी तपासल्या, तेव्हा आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी घातक ठरत असल्याचे दिसले. मागील तीस दिवसांतील आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक धावले की दुखापतीचा धोका वाढू लागतो आणि दुपटीहून अधिक अंतर कापले तर तोही दुपटीच्या पुढे जातो. चारावरून नऊवर गेलेल्या मला त्यात माझेच नाव वाचल्यासारखे झाले.

कोठे दुखते, यावरून बरेच उमगते. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल, जिना वा उतार उतरताना, चित्रपटगृहात फार वेळ गुडघा दुमडून बसल्यावर, मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यावर वाढत असेल, तर ती वाटी आणि मांडीचे हाड यांच्यातील सांध्याची तक्रार असते. नवशिक्यांत ती फार आढळते आणि तिचे वळण बहुधा चांगले असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरावर, जणू गजर लावल्याप्रमाणे तिसऱ्या किंवा चौथ्या किलोमीटरला टोचू लागत असेल, तर खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या जाड पट्ट्याचा तो त्रास समजावा. हा पट्टा ‘ताणून मोकळा’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात तो इतका चिवट असतो की हाताने वा रबरी नळकांडे फिरवून त्याची लांबी फारशी वाढत नाही. उताराचे रस्ते काही दिवस टाळणे आणि खुब्याचे स्नायू बळकट करणे अधिक उपयोगी पडते.

खुब्याकडे आपले लक्ष उशिरा जाते. वस्तुतः गुडघा हा बिचारा मधला सांधा. वरून खुबा आणि खालून पाऊल जे करील ते त्याला भोगावे लागते. एका पायावर उतरताना नितंबाचे बाजूचे स्नायू दुबळे पडले तर कंबर एका बाजूला झुकते, मांडी आत वळते आणि वाटी आपल्या खोबणीत वाकडी घासते. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसणाऱ्या आपणा सर्वांचे हे स्नायू झोपलेले असतात, असे म्हटले तरी चालेल. तेच स्नायू जेथे हाडाला चिकटतात ती जागा कधी स्वतःच दुखू लागते. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवताच कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांमध्ये हे अधिक दिसते. येथे पाय आडवा घेऊन ताण देण्याचे व्यायाम उलट त्रास वाढवतात; एका पायावर भार टाकून, कंबर लचकवून रेंगाळत उभे राहण्याची सवयही. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा दुखण्यासाठी समजावणी व व्यायाम घेतलेल्यांपैकी ७७ टक्के लोकांना आठ आठवड्यांत स्पष्ट सुधारणा जाणवली. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के होते.

आता जे दुखणे अंगावर काढू नये त्याविषयी, आणि हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. खुब्याचे दुखणे पुढे, जांघेत, खोल जाणवत असेल, पाय टेकताच वाढत असेल, रात्री विसाव्यातही ठणकत असेल किंवा त्या पायावर एक लहानशी उडी मारणे अशक्य होत असेल, तर त्याच दिवसापासून धावणे बंद करावे आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालचा निमुळता भाग, येथे बारीक चीर पडलेली असू शकते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात ती पुष्कळदा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. तशीच धावत राहिलेली व्यक्ती एखाद्या दिवशी हाड पूर्ण मोडून शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचते. आमच्या पहाटेच्या टोळीतील एका तरुणीने तीन आठवडे ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून मालिश करून घेतले होते. वजन झपाट्याने उतरवण्यासाठी तिने जेवण तोडले होते आणि पाळीही अनियमित झाली होती. या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारीपर्यंत तिने कोणालाच सांगितल्या नव्हत्या. सुदैवाने चीर वेळेत सापडली आणि कुबड्यांवर काही आठवडे काढून ती बरी झाली.

जांघेतील दुखण्याचे दुसरे कारण म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील हाड मृत होणे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे आणि अतिमद्यपान ही त्याची परिचित कारणे. करोनाच्या उपचारांत स्टेरॉइड दिल्या गेलेल्या तीन रुग्णांत हा विकार आढळल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. ज्यांनी अशी औषधे घेतली आहेत त्यांनी तपासणीच्या वेळी तसे सांगावे. आणखी एक फसवी गोष्ट : खुब्यातील बिघाडाची वेदना कधी कधी केवळ गुडघ्यातच जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामायिक आहेत. गुडघा सर्व बाजूंनी ठीक असूनही दुखत असेल तर खुबा तपासून घ्यावा. गुडघा सुजणे, अडकणे, एकाएकी साथ सोडणे, तापासह लाल व गरम होणे, हीदेखील घरगुती उपायांची लक्षणे नव्हेत.

ही धोक्याची चिन्हे नसतील, तर पूर्ण विश्रांती हा उपाय बहुधा अपुरा ठरतो. दोन महिने बूट कपाटात ठेवून मी नेमके काय मिळवले होते? दुखणे थांबले, पण सांध्याची भार सोसण्याची जी थोडीफार ताकद आली होती तीही ओसरली. कॅनडातील लव्हाल विद्यापीठात वाटीमागचे दुखणे असलेल्या ६९ धावणाऱ्यांचे तीन गट केले गेले. एकाला केवळ सरावाचे प्रमाण कसे सांभाळावे हे शिकवले, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला धावण्याची ढब बदलायला शिकवली. आठ आठवड्यांनंतर तिन्ही गट सारखेच सुधारले होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे खरे काम पहिल्याच गोष्टीने केले होते.

ती गोष्ट व्यवहारात अशी. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी मनात धरावी. धावताना दुखणे दोनपर्यंत राहिले आणि थांबल्यावर तासाभरात पूर्ववत झाले, तर ती धाव सांध्याला मानवली. त्याहून वाढले, किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कालच्यापेक्षा अधिक कळ आली, तर पुढील खेपेस अंतर कमी करावे. दुखत असताना एकदम थोडे धावावे पण वारंवार. रविवारी एकदाच दहा किलोमीटर उरकण्यापेक्षा आठवड्यात चार वेळा अडीच बरे. वेग व उतार आधी सोडावेत, अंतर त्यानंतर. मी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा करून पुन्हा आरंभ केला. त्याचा अभिमानाला फार त्रास होतो, कारण वीस मिनिटे सलग धावून दाखवलेल्या माणसाला रिजनल पार्कात आजोबा ओलांडून जातात.

पावलांची गतीही पाहावी. नवशिके लांब ढांगा टाकतात, टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि तो धक्का सरळ गुडघ्यात जातो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ मध्ये दाखवून दिले गेले की वेग तोच ठेवून दर मिनिटाची पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावरील व खुब्यावरील भार लक्षणीय घटतो. माझी मिनिटाला १५६ पावले पडत. ती १६६ केली. फोनवरील तालयंत्राच्या ठोक्यावर धावताना दोन आठवडे आपण पदन्यास शिकतो आहोत असे वाटते, नंतर पाय आपोआप सरावतात.

व्यायामांची यादी वाढवण्यात अर्थ नाही. तीन पुरेत, पण आठवड्यातून तीनदा आणि निदान दोन-तीन महिने. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे आणि जिन्याच्या पायरीवर उभे राहून एक पाय हळूहळू खाली टेकवणे. इंदुरात आखाड्यांची परंपरा मोठी, त्यामुळे ‘शंभर बैठका मारा, गुडघा सुटेल’ हा सल्लाही मिळाला. बैठक हा उत्तम व्यायाम खरा. परंतु गुडघा जितका अधिक वाकतो तितका वाटीमागचा दाब वाढत जातो, म्हणून दुखत असताना अर्ध्यावर थांबावे आणि खोली पुढे हळूहळू वाढवावी. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला निघणे मात्र सर्वथा टाळावे. वेदना ही मोजपट्टी आहे, तीच बधिर होते. शिवाय शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

बुटांविषयी दुकानदार जितके बोलतात तितके बोलण्यासारखे नाही. पावलाची कमान पाहून बूट निवडून दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकी सैन्यदलांत हजारो प्रशिक्षणार्थींवर तपासले गेले. फरक पडला नाही. पायात आरामशीर बसणारे आणि तळ न झिजलेले बूट असावेत, इतकेच. त्यापेक्षा रस्त्याकडे पाहावे. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने एकाच दिशेने धावले, तर एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. रेसिडेन्सीच्या रस्त्यावर मी महिनोन् महिने हेच करीत होतो. मिरामारच्या पुळणीवर धावणाऱ्यांनाही हा धोका आहे, कारण लाटांकडे उतरणारी ओली वाळू रस्त्याच्या कडेहून अधिक कलती असते. जाताना जितके धावले तितकेच त्याच पट्ट्यावरून परत यावे, म्हणजे दोन्ही पायांना समान न्याय मिळतो. बांबोळीसारखे चढ-उतार पहिल्या तीन महिन्यांत न घेतलेले बरे. चढण छातीला जड जाते, पण वाटीला खरा मार उतरणीवर बसतो.

झोपेचाही हिशेब ठेवावा. शनिवारी रात्री सराफ्यात बारापर्यंत गरडू आणि जिलबी खाऊन रविवारी पहाटे पाचला लांब धाव घेण्याचा पराक्रम इंदूरकर हौसेने करतात. मीही केला आहे. तो नऊ किलोमीटरचा रविवार अशाच एका रात्रीनंतरचा होता.

आपल्याकडे अडचण ऋतूची आहे. गोवा रिव्हर मॅरेथॉन डिसेंबरात असते आणि पाऊस ओसरतो ऑक्टोबरात. मधले आठ-दहा आठवडे नवशिक्याला पाच किलोमीटरसाठी पुरतात, एकवीससाठी नाहीत. ज्यांना यंदा प्रथमच उतरायचे आहे त्यांनी पावसाळ्याचे महिने घरातील जिना, वर सांगितलेले तीन व्यायाम आणि पाऊस उघडेल तेव्हा भरभर चालणे यांत घालवावेत, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी एक मिनिट धावून दोन मिनिटे चालावे.